बुद्धलेणी, नागसेनवन आणि दहावी ‘ब’ची तुकडी

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून दरवर्षी एक गोष्ट घडते. कालपर्यंत एका बाकावर बसणारी, एकमेकांच्या डब्यातली भाकरी मोडून खाणारी मुले एका दिवसात दोन रांगांत उभी राहतात. पास झालेल्याच्या घरी पेढे येतात, नापास झालेल्याच्या घराचे दार लोटलेले असते. पुढे कोणी अकरावीला, कोणी आय.टी.आय.ला, कोणी पॉलिटेक्निकला जातो. कोणी गवंड्याच्या हाताखाली, कोणी ऊसतोडीला जातो. एखाद्या मुलीचे लग्न लावून दिले जाते. दोन-अडीच वर्षे जातात. कॉलेजात गेलेला मुलगा सुट्टीत गावी येतो, तेव्हा जुना दोस्त समोरून येताना दिसला तर दोघेही क्षणभर थबकतात. काय बोलावे हे दोघांनाही सुचत नाही. ‘काय चाललंय?’ ‘काही नाही, चाललंय.’ एवढ्यावर भेट संपते.

हा प्रश्न घरोघरचा आहे. गेल्या अशोक विजयादशमीला तो मला एका दिवसात, एका ठिकाणी, डोळ्यांसमोर उलगडताना दिसला. ते ठिकाण म्हणजे औरंगाबादची, म्हणजे २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालेल्या शहराची, बुद्धलेणी आणि तिथून जवळचे नागसेनवन. वाचकांपैकी पुष्कळांनी ही दोन्ही ठिकाणे पाहिली असतील. ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी मुलाबाळांसह एकदा जाऊन यावे, म्हणूनही हा मजकूर लिहितो आहे.

आम्ही बीडच्या बाजूचे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी नागपूरला धम्मदीक्षा दिली. सर्वांना दरवर्षी नागपूर गाठणे जमत नाही. म्हणून आमच्याकडचे उपासक-उपासिका दसऱ्याला एस.टी.ने बुद्धलेणीवर जातात. या वेळी आमच्यासोबत एक वेगळा जथा होता. तालुक्याच्या हायस्कुलातून एकाच वर्षी दहावी झालेली अकरा मुले-मुली. त्यांची तुकडी ‘ब’. त्यातली एक मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षासाठी नुकतीच संभाजीनगरला राहायला गेली होती. कॉलेज सुरू होऊन तिला तीन महिने झाले होते. तिनेच फोन करून सगळ्यांना बोलावले.

ती मला म्हणाली, “काका, मोबाईलवर आमच्या वर्गाचा ग्रुप आहे. पण बारावीचा निकाल लागला त्या दिवशी चार जण न सांगता ग्रुपमधून निघून गेले. त्यांना परत ग्रुपवर घेण्यात काय अर्थ आहे? समोरासमोर भेटायला पाहिजे.”

मुलीचे हे बोलणे मला पटले. कुणाच्या घरी भेटायचे म्हटले की ज्याचे घर लहान त्याला अवघड वाटते. हॉटेलात भेटायचे म्हटले की बिलाचा प्रश्न येतो. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो काहीतरी निमित्त काढून येतच नाही. बुद्धलेणी ही सगळ्यांची. तिथे कोणी यजमान नाही, कोणी पाहुणा नाही.

पहाटेच्या गाडीत मुले बसली, तीही दोन गटांत. कॉलेजवाले पुढे, बाकीचे मागे. कोणी तसे ठरवले नव्हते, आपोआप झाले. पुढे परीक्षा, लेक्चर, प्रोजेक्ट असे शब्द चालले होते. मागे शांतता होती. मुलींना आता अर्धे तिकीट असते, त्यावरून थोडी थट्टा झाली तेवढीच. गेवराई सोडल्यावर रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभे दिसू लागले. कारखान्याकडे निघायची तयारी होती. ट्रॉलीत पत्रे, बांबू, पाण्याचे ड्रम, चुलीची लाकडे. त्यावर बसलेली लेकरे. आमच्या जिल्ह्याला हे दृश्य नवे नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत गावेच्या गावे रिकामी होतात आणि पाडव्याच्या सुमाराला भरतात.

मागच्या बाकावरचा एक मुलगा मान बाहेर काढून ते ट्रॅक्टर पाहत होता. तोही पंधरा दिवसांनी जाणार होता. वडिलांच्याने काम होत नाही. ऊसतोडीत जोडप्याला एक कोयता धरतात. वडिलांच्या जागी तो आणि त्याची माय असा कोयता मुकादमाने लिहून घेतला होता आणि उचलही दिली होती. उचल घेतली की माघार नाही, हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. हा मुलगा दहावीला वर्गात गणितात पहिला होता. बारावीला कॉमर्स घेतले. आदल्या हंगामात निम्मे वर्ष फडावर गेले आणि इंग्रजी आणि बुक-कीपिंग या दोन विषयांत राहिला.

शहागडला गोदावरीचा पूल आला तसा पुढच्या बाकावरचा एक जण उठून त्याच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “तू ग्रुपमधून कामून निघालास रे?”

तो म्हणाला, “लाज वाटायली. तुम्ही सगळे ॲडमिशनचे फोटो टाकायले. म्या काय टाकू? कोयत्याचा फोटो टाकू?”

यावर कोणी काही बोलले नाही. पण तो जवळ बसलेला मुलगा परत पुढे गेला नाही. संभाजीनगर येईपर्यंत तिथेच बसून राहिला.

बसस्थानकावर बी.कॉम.वाली मुलगी वाट पाहत होती. तिच्याबरोबर त्यांच्याच तुकडीतली आणखी एक मुलगी होती, कडेवर वर्षाचे मूल. दहावी झाल्यावर, वयाची अठरा वर्षे भरण्याआधीच तिचे लग्न लावून दिले. आता नवरा-बायको वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत राहतात. नवरा कंपनीत कंत्राटी कामगार, तीही पॅकिंगला जाते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका, असे बजावून सांगितले होते. इतकी वर्षे झाली, तरी आपल्या समाजातही काही घरांत ते अजून पोहोचलेले नाही, हे कटू असले तरी सत्य आहे. कायद्याने जो गुन्हा आहे तो आपण जबाबदारी उरकणे समजतो.

बुद्धलेणी शहराच्या उत्तरेच्या डोंगरात, बीबी का मकबऱ्याच्या मागच्या बाजूला आहे. दसऱ्याला पायथ्याशी माणसांची रीघ लागते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पंचशील ध्वज, पुस्तकांचे व मूर्तींचे स्टॉल, भोजनदान, भंतेजींची धम्मदेसना. वंदना घेऊन आम्ही पायऱ्या चढलो. अजिंठा-वेरूळला जगातले लोक येतात, या लेण्यांकडे पाहुणे कमी वळतात. पण आमच्या माणसांना ही लेणी घरची वाटते. एक ते पाच क्रमांकाची लेणी पश्चिमेला, सहा ते नऊ क्रमांकाची सुमारे एक किलोमीटर अंतरावर पूर्वेला. चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत जुने, आत स्तूप आहे. बाकीची बरीचशी इसवी सनाच्या पाचव्या ते सातव्या शतकांच्या दरम्यानची. वर आले की खाली मकबऱ्याचे मनोरे दिसतात आणि सगळे शहर पसरलेले दिसते.

तिसऱ्या लेण्यात मुले बराच वेळ थांबली. गाभाऱ्यात तथागत बसलेले आहेत आणि त्यांच्या समोर दोन्ही बाजूंना उपासक-उपासिकांचा समूह गुडघे टेकून, हात जोडून बसला आहे. माणसाएवढ्या मूर्ती. कुणाच्या गळ्यात माळा, कुणाच्या डोक्यावर ठेवणीतली केशरचना. बायकाही आहेत, पुरुषही आहेत. अंगावरच्या दागिन्यांवरून ही श्रीमंत माणसे असावीत असे वाटते. पण बसली आहेत सगळी जमिनीवर, एका पातळीवर. आमच्या जथ्यात पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा होता. तो म्हणाला, “काका, यांच्यात कोण पास, कोण नापास, ओळखू येत नाही.” तो थट्टेने बोलला. पण मागच्या बाकावरचा तो मुलगा सकाळपासून पहिल्यांदा हसला.

सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचा मोठा शिल्पपट आहे. मधोमध बोधिसत्त्व उभा. दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसे. कोणी आगीत, कोणी बुडत्या नावेत, कोणाला चोरांनी गाठले आहे, कोणी बेड्यांत, कोणासमोर हत्ती, कोणासमोर सिंह, कोणासमोर साप. सगळी त्याला हाक मारताहेत. त्या काळी व्यापारी आणि प्रवासी या डोंगरवाटांनी जात. ही त्यांची रोजची भीती होती.

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली आपण माणसे. संकटात कोणी आकाशातून येईल असे आपण मानत नाही. मुलांना मी एवढेच म्हणालो, “यात चमत्कार शोधू नका. माणूस अडचणीत असला की कुणाला तरी हाक मारतो आणि त्या हाकेला ओ देणारा कोणीतरी लागतो, एवढे या शिल्पातून घ्या. तुमच्या वर्गात कोण आगीत आहे आणि कोण नावेत आहे, ते एकमेकांना विचारा.”

दुपारी एका झाडाखाली शिदोऱ्या सोडल्या. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कुणाची पोळी-भाजी. शाळेतल्यासारखे डबे मधोमध ठेवले गेले. बोलणे आपोआप सुरू झाले. कोण कसा आहे ते कळू लागले. कॉलेजवाल्यांचे सगळे काही सुखाचे नाही, हेही कळले. बी.कॉम.च्या मुलीला वसतिगृह मिळाले नव्हते. ती एका खोलीत पाच जणींबरोबर राहत होती. वर्गात इंग्रजीतून बोललेले समजत नाही आणि विचारायची हिंमत होत नाही, असे ती म्हणाली. विज्ञान शाखेच्या एका मुलाची शिष्यवृत्ती कागदपत्रांवाचून अडकली होती. आय.टी.आय. करून वाळूजला ॲप्रेंटिस म्हणून लागलेल्या मुलाला महिन्याला थोडेफार विद्यावेतन मिळत होते. सगळ्यांत हातात पैसा असलेला तोच निघाला. वर्षाचे मूल घेऊन आलेली मुलगी म्हणाली, “मला अजून स्वप्नात बाराखडी लिहिलेला फळा दिसतो.” ती दहावीला वर्गात दुसरी आली होती.

मला त्या क्षणी जाणवले ते हे की, आपण शिकलेला आणि न शिकलेला अशी जी सरळ रेघ ओढतो, ती खोटी आहे. कॉलेजात गेलेल्यालाही जुन्या दोस्ताची तितकीच गरज असते. तिथे नवे मित्र होतात, पण घरचे हाल न सांगता समजून घेणारा मित्र शाळेतलाच असतो.

उन्हे कलल्यावर आम्ही डोंगर उतरून विद्यापीठाच्या दरवाजाकडे आलो. मुलांमध्ये दोघे बौद्ध नव्हते. एक वंजारी समाजाचा, एक मुस्लिम मुलगा. दोघेही त्याच तुकडीतले, म्हणून आलेले. विद्यापीठाच्या कमानीवरचे बाबासाहेबांचे नाव पाहून त्यातला एक म्हणाला, “काका, नुसतं नाव द्यायला इतकी वर्षं कशी लागली?”

त्याने सरळ मनाने विचारले होते. मी त्याला तसेच सरळ सांगितले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातील गावागावांत दलित वस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळे यांना जिवे मारले गेले. १९७९ साली लाँग मार्च निघाला. पुढे १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. ठरावापासून नावापर्यंत जवळजवळ सोळा वर्षे गेली.

मग मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली, जी पुस्तकांतून फारशी येत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत त्या १९७८ साली कित्येक गावांत शाळेतले दोस्त तुटले. काल एकत्र पोहणारी पोरे दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या नजरेला नजर देईनात. काही दोस्तांनी मात्र रात्री येऊन सांगितले, ‘आज वस्तीत झोपू नका.’ अशा दोस्तांमुळे काही जण वाचले, असे वडीलधारी माणसे सांगत. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्या मुस्लिम मित्राच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “आपली तुकडी नाही तुटू द्यायची.”

तिथून नागसेनवनात आलो. कॉलेजला सुट्टी, म्हणून आवारात शांतता होती. मिलिंद कला, मिलिंद विज्ञान, वाणिज्य, विधी, हायस्कूल अशा संस्था एकाच परिसरात उभ्या आहेत. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० साली औरंगाबादला हे महाविद्यालय. मराठवाडा तेव्हा नुकताच, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला होता. विद्यापीठ हैदराबादला. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाने पदवीचे स्वप्न पाहावे अशी सोयच नव्हती. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. म. भि. चिटणीस यांच्यासारखे प्राचार्य लाभले. गंगाधर पानतावणे यांनी इथेच शिकवले आणि पुढे ‘अस्मितादर्श’ चालवले. दलित साहित्याची एक मोठी पिढी या झाडांच्या सावलीत वाढली.

मिलिंद हे नाव बाबासाहेबांनी का दिले, हे मुलांना ठाऊक नव्हते. मिलिंद हा ग्रीक राजा. त्याच्या प्रश्नांपुढे कोणी टिकत नसे. नागसेन या भिक्खूने त्याला उत्तरे दिली. तो संवाद म्हणजे ‘मिलिंद पञ्हो’ हा पाली ग्रंथ. म्हणून महाविद्यालय मिलिंद आणि परिसर नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, असे हे ठिकाण आहे.

त्या ग्रंथातल्या दोन गोष्टी मी मुलांना सांगितल्या. पहिली गोष्ट अशी की, चर्चा सुरू होण्याआधी नागसेन राजाला अट घालतो. तू विद्वान म्हणून बोलणार असशील तर मी बोलेन, राजा म्हणून बोलणार असशील तर नाही. कारण विद्वान चुकला तर रागावत नाही, राजाला मात्र विरोध सहन होत नाही. दुसरी गोष्ट रथाची. रथ म्हणजे चाक का? नाही. आस का? नाही. जू का? नाही. हे सगळे एकत्र जुळले की त्याला रथ म्हणतात. सुटे सुटे केले तर रथ कुठे सापडत नाही.

बी.कॉम.ची मुलगी लगेच म्हणाली, “म्हणजे आमची दहावी ‘ब’ पण तशीच. बाक नाही, हजेरीपट नाही, शाळेची खोली नाही. आम्ही जुळलो तर आहे, नाही तर नाही.”

मुलीने एवढ्या नेमक्या शब्दांत सांगितल्यावर मला सांगायला काही उरले नाही. पुढचा अर्धा तास मी बाजूला बसलो. मुलांनी आपसात जे ठरवले ते जसेच्या तसे लिहितो, कारण ते इतरांच्या उपयोगाचे आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाने जाऊ नये, असे कोणी म्हणाले नाही. उचल घेतली आहे, घर चालवायचे आहे. पण तो दोनच विषयांत राहिला आहे. बारावीची मुख्य परीक्षा फेब्रुवारीत असते, तेव्हा तो फडावर असणार. पुरवणी परीक्षा मात्र जून-जुलैत असते, तेव्हा तो गावी असतो. याआधीच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म त्याने भरला नाही, कारण तारीख कधी आली कधी गेली हे त्याला कोणी सांगितले नाही. म्हणून ठरले असे. तारखेवर लक्ष पॉलिटेक्निकवाला ठेवील. फी ॲप्रेंटिसवाला भरील. बुक-कीपिंगची वही बी.कॉम.वाली देईल. वह्या पावसापाण्यात भिजू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत. इंग्रजीचा एक एक धडा आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचे काम विज्ञानवाल्याने घेतले, म्हणजे खोपीत रात्री कानाला लावून ऐकता येईल. आणि त्याच्या मायला जाऊन समजावायचे काम त्या वंजारी मुलाने घेतले. त्याचे आईवडीलही तोडणीलाच जातात, माय त्याचे ऐकेल.

वाळूजच्या मुलीसाठी सतरा नंबरचा फॉर्म. दहावी झालेल्याला कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसता येते, हे तिला माहीत नव्हते. या वर्षीची मुदत असेल तर या वर्षी, नसेल तर पुढच्या वर्षी. तिचा नवरा तिला न्यायला आला होता. मुलांनी त्यालाही बसवून घेतले. तो आधी कोड्यात पडला. मग म्हणाला, “शिकू द्या की. पोरगं मी सांभाळतो रविवारी.” रविवारपुरते का होईना, सुरुवात झाली.

हा मजकूर लिहिताना तो मुलगा फडावर आहे. वह्या त्याच्याबरोबर गेल्या आहेत. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून, रात्री-अपरात्री गाडी भरून माणसाच्या अंगात काय उरते, हे ज्याने केले त्यालाच माहीत. पण तो ग्रुपमध्ये परत आला आहे आणि त्याने पहिला फोटो टाकला तो कोयत्याचाच. त्याखाली लिहिले, ‘दहावी ब, हजर’.

बंधू-भगिनींनो, शाळासोबत्यांची भेट म्हणजे जुन्या आठवणी काढून हसणे, एवढाच अर्थ आपल्याला परवडणारा नाही. सुखवस्तू घरच्या मुलांना कोणत्या कॉलेजात जावे, कोणता फॉर्म भरावा, हे सांगणारे काका-मामा असतात. आपल्या मुलांचा काका-मामा म्हणजे त्यांचा एक वर्ष पुढे गेलेला दोस्त. तो तुटला तर माहितीची वाटच तुटते. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, शासकीय वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. या गोष्टी कागदावर असतात. त्या खोपीपर्यंत, झोपडीपर्यंत पोहोचतात त्या दोस्ताच्या तोंडून.

भगवान बुद्धांनी सिगालाला उपदेश करताना खरा मित्र कसा ओळखावा ते सांगितले आहे. जो मदत करतो, जो सुखात आणि दुःखात सारखाच राहतो, जो हिताचे सांगतो आणि ज्याला आपल्याविषयी कळवळा असतो, तो खरा मित्र. आनंदाने एकदा कल्याणमित्रता म्हणजे निम्मे धम्मजीवन, असे म्हटले तेव्हा बुद्धांनी त्याला दुरुस्त केले, निम्मे नव्हे, सगळेच. स्वतः बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. शिक्षण संपले, वाटा वेगळ्या झाल्या, पण मैत्री सुटली नाही. अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच मित्राने पैशांची मदत केली. आपल्या सर्वांच्या आयुष्याला वळण देणाऱ्या त्या शिक्षणात एका विद्यार्थीदशेतल्या मित्राचा हात होता, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

तेव्हा ज्यांची मुले यंदा कॉलेजात गेली आहेत, त्या आईवडिलांना माझी विनंती आहे. मुलगा सुट्टीत आला की त्याला विचारा, तुझ्या वर्गातला अमका कुठे आहे, तमकी काय करते? नापास झालेल्या मुलाशी बोलू नको, असे कधी म्हणू नका. आणि कॉलेजातल्या मुलामुलींनो, भेटायला जाल तेव्हा राजासारखे जाऊ नका, मिलिंदासारखे प्रश्न घेऊन जा. भेटायला जागा नाही असे म्हणू नका. बुद्धलेणी आहे, नागसेनवन आहे. तेही लांब पडत असेल तर तुमच्या वस्तीतले विहार आहे, त्याची पायरी आहे. तिथे सर्वांना सारखीच जागा आहे.

मात्र भेटाल तेव्हा एक वही आणि एक पेन बरोबर ठेवा. कोणाचा कोणता कागद अडला आहे, कोणाची कोणती तारीख आहे, कोण कोणासाठी काय करणार आहे, ते लिहून घ्या. आणि पुढच्या भेटीत ती वही आधी उघडा.

जय भीम!